रायबंदरच्या इस्पितळातली नोंद

वकीलबाईंनी कागदांची यादी लिहून दिली. त्यात सहाव्या नंबरवर होतं : 'आजीच्या मृत्यूचा दाखला.' आजोबांचा दाखला घरात होता. आजीचा कधी कुणी काढलाच नव्हता. मी म्हटलं, आजी गेली तेव्हा माझी आई पाच वर्षांची होती, आता आई पंच्याऐंशीची आहे, इतका जुना कागद मिळणार कुठून? त्या म्हणाल्या, "गोव्यात मिळतो. शोधायला लागा."

चोडणला आईचं माहेर. कौलारू घर, मागे थोडी माडांची बाग, खाली खाजनात शेताचा एक तुकडा. आजी गेल्यावर आजोबांनी दुसरं लग्न केलं, त्यामुळे वारसांच्या दोन फांद्या झाल्या. भांडण कुणाचंच नाही, मामा आणि आईचे सावत्र भाऊ अजूनही चवथीला गणपतीवरच्या एकाच माटोळीखाली बसतात. फक्त सगळे ऐंशीच्या आसपास पोचलेत, तर वारस कोण कोण ते ठरवणारं सक्सेशन डीड करून मोकळं व्हावं, असं ठरलं. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातलं एक तत्त्व आजही चालतं. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांची निम्मी निम्मी. म्हणजे आजी गेली त्या दिवशी तिचं निम्मं तिच्या दोन मुलांकडे आलं. ती नक्की कुठल्या दिवशी गेली, यावर पुढचा सगळा हिशेब अडला होता.

हे ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसले. पंचविशीही न गाठलेली बाई. मागे एक फोटो नाही, एक दागिना नाही. आणि ऐंशी वर्षांनी तिच्या नावावर अर्धं घर निघतं.

कारण आजीबद्दल आमच्याकडे एकच वाक्य चालत आलं होतं : "तिला रायबंदरला धर्माच्या इस्पितळात टाकली." टाकली. नेली नव्हे, ठेवली नव्हे. आजीला क्षय झाला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या 'टाकली'मध्ये आणखी बरंच होतं. नवऱ्याने हात झटकले, सासरच्यांनी विटाळ मानला, गोरगरिबांच्या खाटेवर एकटी गेली, असं सगळं त्यात गृहीत धरलेलं होतं. आईने तिच्या वडिलांची शेवटपर्यंत सेवा केली, पण त्यांच्याविषयी बोलताना तिच्या आवाजात कधी ओल जाणवली नाही. मी लहान होते तेव्हापासून हे बघत आले.

दाखल्याची सुरुवात तालुक्याच्या एका कार्यालयात झाली. खिडकीवर साल विचारलं. मी म्हटलं, १९४२ ते ४६ मधलं कुठलंतरी. नाव विचारलं, मी सांगितलं, समोरच्याने ते इंग्रजी स्पेलिंग करून लिहून घेतलं. दहा दिवसांनी गेले तर 'नोंद सापडत नाही' असा शिक्का मारलेला कागद हातात आला. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तोच कागद. तिसऱ्या खेपेला मी तिथल्या बाकावर बसून अक्षरशः रडले. तेव्हा निवृत्तीला आलेला एक कारकून बाहेर येऊन हळूच म्हणाला, "बाई, आधी साल नक्की करा. नाव पोर्तुगीज पद्धतीने शोधा. आणि ती जुनी पुस्तकं इथे नसतील, पुराभिलेखात गेली असतील." तीन वाक्यं. तीच पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर दीड महिना वाचला असता. म्हणून इथे सविस्तर लिहिते, अशा कागदासाठी फिरणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी साल. आईला तारीख आठवणं शक्यच नव्हतं. तिला घरापुढच्या बाल्कांवात बसवून मी रोज संध्याकाळी थोडं थोडं विचारत राहिले. पाऊस होता का? होता. शाळा? अजून घातलं नव्हतं. चवथ झाली होती? नाही, नारळी पुनवेच्या जवळपास, कारण घरात नारळ आणून ठेवले होते आणि मग ते कुणी फोडलेच नाहीत. आणि एक दिवस ती सहज म्हणाली, "मावशी म्हणायची, मुरगावात जहाजं जळाली त्याच्या पुढच्या वर्षी."

मी उडालेच. मुरगाव बंदरात जहाजं जळाली ती ९ मार्च १९४३ च्या रात्री. दुसरं महायुद्ध चालू होतं, पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून जर्मनीची तीन आणि इटलीचं एक अशी मालवाहू जहाजं मुरगावात आसऱ्याला थांबली होती. त्यांतल्या एरनफेल्स नावाच्या जहाजावर इंग्रजांच्या माणसांनी गुपचूप छापा घातला, आणि जहाजं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनीच ती पेटवून बुडवली. त्या आगीचा धसका घरोघरी पोचला असणार, कारण खेड्यातल्या न शिकलेल्या बायका तिच्यावरून साल मोजत होत्या. म्हणजे आजी गेली १९४४ च्या श्रावणात. ऑगस्टचा सुरुवातीचा आठवडा.

मग नाव. गोवा मुक्तीपूर्वीच्या नोंदीत हिंदू नावं पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेली आहेत. आजीचं नाव इथे देत नाही, पण उदाहरणं सांगते. भागीरथी तिथे 'बागिरोतिम' होते, रुक्मिणी 'रुक्मिनिम', शेवटच्या दीर्घ ईला हमखास म चिकटतो. शंकर शोधायचा तो एक्स या अक्षराखाली, कारण पोर्तुगीजात शचा उच्चार एक्सने लिहितात. केशव केखाली नाहीच मिळणार, तो क्यूखाली. यशवंत ईखाली. दुसरी मेख बायकांची : लग्नात नाव बदलायचं. आई आणि तिच्या मावश्या आजीला माहेरच्या नावानेच ओळखत आणि मी तेच शोधत होते. सासरचं नाव कुणालाच आठवेना. शेवटी ते सापडलं आईच्याच जन्मदाखल्यात. तो कागद माझ्या कपाटात पंचवीस वर्षं होता आणि 'आईचे नाव' या रकान्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. माझ्या आजीचं नाव मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

पणजीत मळ्याला, रुआ द ओरेमवर, पुराभिलेख खातं आहे. या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ ची, दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला रखवालदार. मी शाळेत इतिहास शिकवला आहे, हे सालही मुलांना सांगितलं आहे, पण त्या जिन्यावर पाय ठेवला तो पहिल्यांदाच. अर्जात तीन गोष्टी लिहिल्या : कोन्सेल्यु द इल्यास, म्हणजे आपला तिसवाडी महाल, साल १९४४, आणि नाव, चार वेगवेगळ्या स्पेलिंगांत. तिथल्या मुलीने अर्ज वाचला आणि म्हणाली, "बाई, एवढं लिहून आणलंत तर मिळेल." चौथ्या दिवशी फोन आला.

ते पुस्तक आम्हाला दुरूनच दाखवलं. पानं तिथली माणसंच उलटतात आणि ते बरोबरच आहे. जाड कागद, शाई तपकिरी पडलेली, डाव्या समासात नोंदीचा नंबर आणि त्याखाली नाव. अक्षर सुंदर, पण मला एक ओळ लागेना. शेजारच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ काहीतरी वाचत बसले होते. ते आल्तिनोवरच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत शिकलेले, पोर्तुगीज मातृभाषेसारखी. मी विचारल्यावर चष्मा पुसून आले, आणि बोट कागदाला न लावता, हवेत धरून, ओळीमागून ओळ मला कोकणीत सांगत गेले.

१९४४ च्या ऑगस्टच्या २ तारखेला, पहाटे चार वाजता, रायबंदरला मिझेरिकॉर्दियाच्या, म्हणजे त्या धर्माच्या इस्पितळात. वय तेवीस. विवाहित. जन्म आणि घर चोडण. मरणाचं कारण फुप्फुसाचा क्षय. मुलं मागे ठेवली : दोन, अल्पवयीन. मृत्युपत्र केलं नाही. मालमत्ता मागे ठेवली : होय.

इथे ते थांबले आणि म्हणाले, "बघ बाये, 'देयशोव बेंश.' मालमत्ता आहे म्हणून लिहिलंय. वकिलाला हेच पाहिजे."

मला हवं होतं ते मिळालं होतं. पण त्यांचं बोट अजून हवेत होतं. शेवटच्या ओळी खबर देणाऱ्याविषयी असतात, ज्याने येऊन मृत्यू कळवला त्याचं नाव, नातं, राहण्याचं ठिकाण. ते वाचत होते : "मयताचा नवरा. राहणार चोडण. हल्ली मुक्काम तात्पुरता रायबंदर." आणि त्याखाली पोर्तुगीज अक्षरांच्या रांगेत एकच ओळ देवनागरीत. आजोबांची सही.

हल्ली मुक्काम रायबंदर.

चोडण हे मांडवीच्या त्या काठाला, रायबंदर या काठाला. शेत-भात टाकून, भर पावसाळ्यात, लावणीच्या हंगामात तो माणूस कुणाच्या तरी ओसरीवर रायबंदरला राहत होता. किती दिवस, ते नोंदीत नाही. पण सरकारी माणसाने 'राहणार कुठे' विचारल्यावर दोन पत्ते लिहून घेण्याइतके दिवस. टाकून गेलेला माणूस असा पत्ता देत नाही.

सहीशिक्क्याची नक्कल मिळायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात मला घरी बसवेना. नोव्हेंबर होता, चित्रपट महोत्सवाची गर्दी सुरू झालेली. मी एका दुपारी कांपालला गेले, जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात.

२००४ साली चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा ही इमारत दुरुस्त झाली, मागे मल्टिप्लेक्स उभं राहिलं, आणि आता कलामहोत्सवही इथेच भरतो. माझ्या शाळेतली मुलं गळ्यात कार्ड घालून इथे स्वयंसेवक म्हणून फिरतात, मला बघून "टीचर" म्हणून हाक मारतात. मला या गजबजीचा आनंद वाटतो. बंद पडून ढासळलेल्या इमारती गोव्यात काय कमी आहेत? पण मी त्या लांबलचक व्हरांड्यात शिरले की माझे पाय आपोआप एका ठिकाणी थांबतात. १९८४ साली माझ्या वडिलांचं ऑपरेशन इथे झालं. मी अठरा वर्षांची होते. आईने डब्यात पेज आणि तोराचं लोणचं दिलेलं, आणि मी एका खांबाला पाठ लावून सकाळपासून दुपारपर्यंत उभी होते. डबा गार झाला. मग हिरव्या कपड्यांतले डॉक्टर बाहेर आले आणि फक्त मान हलवली, चांगल्या अर्थाने. तो खांब अजून आहे. परवा त्याला टेकून दोन मुली सिनेमांचं वेळापत्रक बघत होत्या. मला त्यांना सांगावंसं वाटलं, पण त्या घाईत होत्या.

इथे वैद्यकीय शाळा सुरू झाली १८४२ साली. गव्हर्नर कोंदे दाश अंताश याच्या कारकिर्दीत मोआशु नावाच्या मुख्य वैद्याने ती उभी केली. आवारातला माकिनेझ पॅलेस त्याहून जुना, १७०२ चा. या शाळेतून शिकलेले गोंयकार डॉक्टर मोझांबिक, अंगोला, कुठे कुठे जाऊन साथींशी झगडले. पोर्तुगालमध्ये जाऊन तिथल्या डॉक्टरांच्या बरोबरीने बसायचं तर मात्र त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागे. त्यातलेच एक फ्रोइलानु द मेलु, जंतुशास्त्राचे पंडित, याच शाळेचे प्रमुख, पणजीचे महापौरही होते. कुष्ठरोग्यांसाठी माकाझानाला १९३४ साली केंद्र निघालं ते त्यांच्या खटपटीतून. मुक्तीनंतर १९६३ मध्ये शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, आपण सगळे गोमेकॉ म्हणतो ते, आणि पुढे ते बांबोळीच्या पठारावर गेलं.

एवढा सगळा इतिहास, आणि आवारात फिरताना मला तो कुठेच वाचायला मिळाला नाही. इथे कुठला वॉर्ड होता, शस्त्रक्रिया कुठे व्हायच्या, मुलं शरीरशास्त्र कुठल्या खोलीत शिकली, हे सांगणाऱ्या चार साध्या पाट्या लागाव्यात, असं मला मनापासून वाटतं. महोत्सवाला येणारा परक्या गावचा माणूसही त्या वाचेल. या भिंतींच्या आत गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी जन्माला आलंय, बरं झालंय, नाहीतर गेलंय. ते भिंतीवरून पुसलं जाणं बरोबर नाही. म्हापशात आझिलो, मडगावात हॉस्पिसियो, तिथेही इस्पितळं नव्या इमारतीत गेली. आझिलो म्हणजे आश्रयाची जागा, हॉस्पिसियोचा अर्थही त्याच घरातला. नावं अजून बसवाल्यांच्या तोंडी आहेत, तोवर हे काम करून घ्यायला हवं.

नक्कल मिळाली. घरी आणून आईसमोर ठेवली. आधी मी तारीख, वेळ, कारण वाचून दाखवलं. ती मान हलवत राहिली, हे तिला माहीतच होतं. मग मी ती शेवटची ओळ वाचली आणि झेरॉक्सवरच्या सहीवर बोट ठेवलं. सही सुरू होण्याआधी एक बारीक 'श्री' होता, त्याची वेलांटी उगाच लांब ओढलेली. आई बराच वेळ बघत होती. म्हणाली, "बाबांचा श्री. दुकानाच्या वहीत असाच काढायचे." आणि मग, कितीतरी वेळाने, "मला कुणी सांगितलं नाही गो."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून म्हणाली, रायबंदरला जाऊया.

पणजीहून रायबंदरला जाताना पाटो ओलांडला की तो लांबच लांब बांध लागतो, पोंते द लिन्यारिस, सतराव्या शतकातला, तीन किलोमीटरच्या वर. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि कांदळवन. आई खिडकीतून नदीकडेच बघत होती. रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीचा धक्का, आणि रस्त्याला लागून, नदीकडे तोंड करून ती जुनी वास्तू. १९९३ पासून बरीच वर्षं तिथे मॅनेजमेंटची संस्था होती, मग ती साखळीकडे गेली. रायबंदरकर अजूनही त्या जागेला जुनं इस्पितळच म्हणतात.

आम्ही आत गेलो नाही. आईला जायचंही नव्हतं. गाडी धक्क्याजवळ लावली आणि तिला घडीची खुर्ची उघडून दिली.

मिझेरिकॉर्दिया म्हणजे काय, हे मी तिथे बसून तिला सांगत होते, शिकवायची सवय जात नाही. लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोरने ही बंधुसंस्था काढली आणि थोड्याच वर्षांत ती गोव्यात आली. दयेची चौदा कामं हे त्यांचं ब्रीद : भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची शुश्रूषा, कैद्याला मदत, बेवारस मेलेल्याला मूठमाती, अनाथ मुलींची लग्नं. पुढे खर्च भागवायला लॉटरीही काढली. त्याच काळात जुन्या गोव्यात राजाचं मोठं इस्पितळ होतं. १६०८ मध्ये तिथे खाटेवर पडून राहिलेल्या पिरार नावाच्या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की रोग्यांना चिनी मातीच्या ताटवाट्यांत जेवण मिळे. आज तिथे जाऊन दाखवायला काही उरलेलं नाही. आणि हेही सांगितलं पाहिजे की ते इस्पितळ पोर्तुगालहून आलेल्या शिपायांसाठी होतं, आपल्या माणसांसाठी नव्हे. ज्या शहरात ही दया नांदली त्याच शहरात १५६० पासून इन्क्विझिशनही बसलं. त्या शतकांत आमच्यासारख्यांच्या घरचं कुणी त्या दारात स्वखुशीने गेलं असेल असं मला वाटत नाही. आपले लोक वैद्यांकडे जात. गंमत म्हणजे पोर्तुगीज साहेबही आपल्या वैद्यांना हात दाखवत.

पण १९४४ पर्यंत काळ बदलला होता. चोडणच्या एका हिंदू बाईला क्षय झाला, आणि त्या दाराने तिला आत घेतलं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं होतं, पण ते मांडवीच्या काठी पोचायला अजून बराच अवकाश होता. औषध नव्हतंच. एक स्वच्छ खाट, नदीची हवा, वेळेवर दूध-पेज आणि थुंकीला हात लावायला न कचरणारी माणसं, एवढंच कुणीही देऊ शकत होतं. घरी दोन लहान मुलं होती. तिला घरात ठेवली असती तर माझी आई आज त्या खुर्चीत बसलेली असती का? हा विचार माझ्या मनात त्या धक्क्यावरच पहिल्यांदा आला. आईच्या मनात तो आधीच येऊन गेला असावा, कारण ती म्हणाली, "आमच्यासाठी नेली तिला. मला आणि दादाला लागू नये म्हणून."

मग तिने आणखी एक सांगितलं, ते मी आजवर ऐकलेलं नव्हतं. एकदा तिला होडीतून आणलं होतं. पाऊस उघडलेला. कुणाच्या मांडीवर बसून आली ते आठवत नाही. मुलांना वर सोडायचे नाहीत, म्हणून ती होडीतच राहिली आणि होडीवाल्याने तिला उभं धरलं. वरच्या एका खिडकीत बाई उभी होती. तिने हात वर केला आणि तसाच धरला, हलवला नाही. "मला वाटलं ती उन्हासाठी डोळ्यांवर हात धरतेय," आई म्हणाली. "ऊन नव्हतं पण."

कुठली खिडकी, मी विचारलं. आईने बराच वेळ त्या भिंतीकडे बघितलं आणि डावीकडून मोजायला सुरुवात केली. मग सोडून दिलं. "सगळ्या सारख्याच गो. पण म्हजी आवय थंय आशिल्ली."

सक्सेशन डीडचं काम आता मार्गी लागलंय. वकीलबाईंनी नकलेची मूळ प्रत ठेवून घेतली. आजीच्या निम्म्यातला आपला वाटा आईने धाकट्या सावत्र भावाच्या नावे करून द्यायचं म्हटलंय, तोच त्या घरात राहतो, तोच देवाला दिवा लावतो. त्यावर मामा थोडे रागावलेत, ते बघू. आईने फक्त एक मागितलं : शेवटच्या ओळीची झेरॉक्स, जरा मोठी करून. ती तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, आपल्या जन्मदाखल्याला लागून ठेवली आहे.

त्या दिवशी धक्क्यावर संध्याकाळ झाली. मी म्हटलं, आलोच आहोत तर चोडणला जाऊन घराला पाय लावून येऊ. फेरीबोट लागली, स्कूटरवाले उतरले, नवे चढले, साखळी पडली. आई खुर्चीतून उठली नाही.

"ही जाऊ दे," ती म्हणाली. "पुढच्या फेरीने जाऊ."